ताईचे अर्धे तिकीट

पौष पौर्णिमा जवळ आली, की आमच्या डोळ्यांपुढे वारंगा फाटा उभा राहतो. पहाटेची थंडी, तोंडातून निघणारी वाफ, मायच्या डोक्यावर धपाट्यांचे गाठोडे आणि बाच्या अंगावर वर्षातून दोनदाच निघणारा पांढरा सदरा. फाट्यावरून एक रस्ता हिंगोलीला, एक नागपूरला, एक नांदेडला. आम्हा लेकरांना त्या दिवशी नांदेडचाच रस्ता तेवढा खरा वाटायचा. कारण त्या रस्त्याला अर्धापूरजवळ दाभड आहे, आणि तिथे महाविहार बावरीनगरला पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते. आमच्या लहानपणी सहल म्हणायची ती हीच.

मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झाले. ही गोष्ट त्याच्या आधीच्या वर्षांची. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो १ मे १९९९ ला झाला. तोवर आम्ही परभणी जिल्ह्याचेच.

आमची आजी लहानपणी माळेगावच्या जत्रेला कुणाच्या तरी बैलगाडीमागे पायी गेली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली आणि गावोगाव आपल्या लोकांनी घरातले देव बाहेर काढले. देव गेले, तशा जत्राही सुटल्या. पण लेकरांची हौस थोडीच सुटते! रेवड्या पाहिजेत, फुगा पाहिजे, गर्दीत बापाचे बोट धरून चालणे पाहिजे. आपल्या वाडवडिलांनी त्याची सोय केली. भीमजयंती, बुद्धजयंती, दीक्षाभूमी आणि आमच्या भागात ही पौष पौर्णिमा. जत्रेत आजीला लांबूनच हात जोडावे लागत. परिषदेत आम्ही पहिल्या ओळीत भन्तेजींच्या समोर मांडी घालून बसत होतो.

सहल स्वस्त होती असे आज आपण म्हणतो. माय-बाला ती स्वस्त नव्हती. दोघेही केळीच्या बागेत रोजाने जात. जाण्याच्या दिवशीचा रोज बुडे, वर आणखी एका दिवसाचा रोज तिकिटाला लागे. म्हणून महिनाभर आधी मायचा हिशेब सुरू होई. एस.टी.त पाच वर्षांपर्यंत लेकरू फुकट, पाच ते बारा अर्धे तिकीट, बारा सरली की पूर्ण. हा नियम मायला पाठ होता.

एका वर्षी धाकट्याला सहावे लागले होते. कंडक्टरने विचारले, "याचं वय काय?" माय म्हणाली, "चार सरलेत साहेब." तोच धाकटा मोठ्याने बोलला, "माय, म्या पहिलीत हाय ना!" सगळी एस.टी. हसली. बाने खिशात हात घातला आणि म्हणाला, "अर्धं फाडा साहेब." मायने डोळे वटारले. तसा बा हळूच म्हणाला, "घरून निघताना पंचशील म्हणलं आपण. चौथं शील काय फाट्यापर्यंतच असतं का?" माय डोंगरकडा येईपर्यंत बोलली नाही. पण पुन्हा तिने कधी लेकरांचे वय चोरले नाही.

परतताना बा फाट्यावर आम्हाला हॉटेलात नेई. वारंग्याची खिचडी आज लांबलांबच्या गाड्यांना थांबवते. आमच्या वाट्याला पाच जणांत एक प्लेट यायची. पण ती प्लेट बाने कधी बाहेर उभे राहून खाऊ दिली नाही. आत, मधल्या बाकड्यावर बसवायचा. आजोबांच्या काळी आपल्या माणसाला हॉटेलात कप वेगळा, तोही आपणच विसळून ठेवायचा. ते बा बोलून दाखवत नसे. "नीट बसून खा," एवढेच म्हणे. त्या चार घासांची चव आम्ही अजून विसरलो नाही.

पुढच्या वर्षी ताईला बारा सरली. तिचे तिकीट पूर्ण झाले आणि धाकट्याचेही लागणार होते. मायने दोनदा हिशेब केला, तिसऱ्यांदा केला. शेवटी ताईच म्हणाली, "म्या राहते. आजीजवळ कुणी पाहिजे. शेळ्या बी हायत." कुणी तिला राहा म्हटले नव्हते. कुणी चल असेही म्हटले नाही.

संध्याकाळी आम्ही तिच्यासाठी एक निळा बिल्ला आणि कागदात बांधलेली थोडी खिचडी आणली. तिने विचारले, "भन्तेजी काय बोलले?" आम्हाला सांगता येईना. आम्ही फुग्याचे सांगितले, गर्दीचे सांगितले. ती ऐकत राहिली. पुढच्या वर्षी तीच राहिली, आणि त्याच्या पुढच्याही. सातवीनंतर तिची शाळा सुटली, तेव्हाही हिशेब हाच होता. घरी कुणीतरी पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे ताई.

बावरी हे नाव आपल्याला सुत्तनिपातात भेटते. पारायनवग्गात कथा आहे. गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरीने आपले सोळा शिष्य भगवान बुद्धांकडे पाठवले. पैठण, उज्जैन, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती असे करीत ते राजगृहाकडे गेले. बावरी स्वतः म्हातारा, तो घरीच राहिला. पण पिंगिय नावाचा शिष्य परत आला, आणि बुद्ध कसे आहेत, काय म्हणाले, हे त्याने बावरीला सगळे सांगितले. मोठेपणी ही कथा वाचली तेव्हा आम्हाला ताई आठवली. आमच्या घरात बावरी होती. पिंगिय कुणी झाला नाही.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही भावंडांनी ठरवून ताईला नेले. फाट्यावरूनच एस.टी. धरली. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.त बायांना निम्मे भाडे झाले आहे. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं अर्धं." ताई हसली. म्हणाली, "बारा सरल्यावर गेलेलं अर्धं तिकीट आज परत आलं की!" बावरीनगरला ती पहिल्या ओळीत बसली आणि एकदाही उठली नाही.

येताना फाट्यावर उतरलो. आता प्रत्येकाला एक प्लेट खिचडी घेता येते. ताईने अर्धी खाल्ली आणि उरलेली कागदात बांधायला सांगितली. आम्ही विचारले, "ही कुणाला?" ती म्हणाली, "सूनबाईला. ती राहिली ना घरी, शेळ्या हायत."

आमच्या हातातला घास हातातच राहिला. ताईच्याही ते बोलल्यावर ध्यानात आले असावे. घरी जाईपर्यंत ती गप्प होती. मात्र सूनबाईला तिने नुसती खिचडी दिली नाही. रात्री चुलीपुढे बसून भन्तेजी काय बोलले, ते तिने पहिल्यापासून सांगितले. मग म्हणाली, "पुढच्या साली तू जायचं. शेळ्यांचं म्या बघते."

बंधूंनो, भगिनींनो, २० जुलै १९४२ ला नागपुरात आपल्या महिलांची परिषद भरली होती. बाबासाहेबांना ऐकायला हजारो बाया आल्या. त्यांच्याही घरी शेळ्या, लेकरे, म्हातारी माणसे असतीलच. तरी त्या निघाल्या.

येत्या पौष पौर्णिमेला घरातून निघताना पंचशील म्हणालच. ते म्हणून झाले, की एकदा उंबऱ्यात उभे राहून मोजा, घरी कोण राहतंय. मागच्या वर्षी राहिली तीच यंदाही राहत असेल, तर यंदा शेळ्या दुसऱ्या कुणी सांभाळाव्यात. वस्तीतल्या चार घरांनी पाळी लावली तर एकच माणूस मागे राहील, आणि तेही दरवर्षी वेगळे. आणि जो राहील, त्याला आल्यावर सगळे सांगा. नुसते फुग्याचे सांगू नका.

जयभीम!