वेखंडाची परीक्षा

ओढ्याकाठच्या दलदलीत, जेथे पाय रोवून उभे राहणेही कठीण, तेथे वेखंड सुखाने वाढते. त्याची लांब, तलवारीच्या पात्यासारखी पाने पाहून एखाद्यास ते साधे गवत वाटेल; परंतु पान चुरगळताच सुटणारा उग्र दरवळ त्याची ओळख पटवितो. औषधी भाग मात्र चिखलात दडलेला असतो. तेथे आडवे सरपटत जाणारे त्याचे खोड खणून, धुऊन वाळवितात. दुकानात मिळणारी वेखंडाची तपकिरी कांडी ती हीच.

महाराष्ट्रातील घराघरांत या कांडीला मोठा मान होता व तो अजून पुरता ओसरलेला नाही. न्हाऊ घातलेल्या बाळाला सर्दी होऊ नये म्हणून वेखंडाची पूड अंगाला चोळीत. बाळगुटीसाठी सहाणेवर त्याचा एखादा वळसा उगाळीत. संस्कृतात वेखंडाला वचा म्हणतात. वच् म्हणजे बोलणे. मुलाची वाणी स्वच्छ व्हावी म्हणून ते मधातून चाटविण्याचीही चाल होती. पोथ्यांच्या रुमालांत आणि लोकरी कपड्यांतही वेखंडाचे तुकडे ठेवीत, म्हणजे कसर लागत नसे.

हे सर्व उपयोग एकाच तराजूने तोलणे योग्य नव्हे. कसरीवरचा उपाय शास्त्राच्या कसोटीस उतरला आहे. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. त्याने कित्येक किड्यांची अंडी घालण्याची शक्तीच खुंटते. पण जे किड्यांना इतके बाधते, ते माणसाच्या पोटात निर्धोक कसे मानावे? वेखंडाचे तेल दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यांत कर्करोगाच्या गाठी आढळल्या, आणि १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी केली.

जुन्या वैद्यांनाही त्याची धास्ती ठाऊक होती. अधिक मात्रेने ओकारी होते, म्हणून ते वेखंड शुद्ध करून, बेतानेच देत. घरातील वळसा हे मात्र काही वजन नव्हे. सहाण किती खरखरीत आणि हात किती जड, यावर तो कमीअधिक होणारच. तेव्हा पोथ्यांची राखण वेखंडाने खुशाल करावी, तान्ह्याच्या जिभेवर ते डॉक्टरांना विचारल्यावाचून ठेवू नये. वर्षाच्या आतील मुलाला मध चाटविणे तर आता डॉक्टर सर्वस्वी वर्ज्य मानतात, मग त्यात वेखंड असो वा नसो.