छत जुने, पॉलिसी नवी

हिवरे बाजारचे नाव निघाले की आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तिथल्या एकुलत्या एका मुस्लिम कुटुंबासाठी गावाने मशीद बांधली, ही एक. आणि पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच कोणते पीक घ्यायचे ते ठरते, ही दुसरी. आमचे गावचे घर त्याच नगर तालुक्यातले. पाऊस कमी, त्यामुळे छताकडे बघायची सवय फारशी कोणाला नाही. आम्हालाही नव्हती.

दगडी भिंती, वर पूर्वी माळवद. मिरगाच्या आधी मरहूम अब्बा दरवर्षी त्यावर पांढरी माती पसरायचे. वयाने ते होईना तेव्हा पत्रे आले, त्याला पंचवीस वर्षे झाली. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत एका रात्री वादळाने अम्मींच्या खोलीवरचे तीन पत्रे उडाले. गाद्या, कपाट, सगळे भिजले. तीन वर्षांपासून घराचा विमा होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

सर्वेअर आले, गंजलेले बोल्ट आणि वाळवी लागलेला वासा बघून गेले. मग पत्र आले : नुकसान जुनेपणामुळे व देखभालीअभावी, दावा नामंजूर. अम्मी म्हणाल्या, "मग तीन वर्षं पैसे कशाचे घेतले?"

कंपनीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हे कबूल करायला हवे. घरविमा आग, वीज, वादळ, पूर, भूकंप अशा अचानक आलेल्या संकटाचा असतो, झिजेचा नाही. 1 एप्रिल 2021 पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसीही अशाच संकटांसाठी आहे. पण छत जुने होते म्हणून त्या रात्री वारा सुटलाच नाही, असे कसे म्हणता येईल? वाऱ्याने काय गेले आणि आधीच काय गेले होते, एवढाच वाद होता.

आम्ही सर्वेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागितली. तलाठ्यांचा पंचनामा जोडला. त्याच रात्री शेजारच्या दोन घरांचेही पत्रे उडाल्याची नोंद त्यात होती. खरा उपयोग झाला तो बकरी ईदच्या फोटोचा. अंगणात मुले ओळीने उभी आणि मागे छत नीट बसलेले! शिवाय अब्बांच्या बिस्किटाच्या डब्यात हुक-बोल्टची पावती निघाली. अखेर पत्र्यांचे आणि भिजलेल्या सामानाचे पैसे मिळाले. वाशाचे आम्ही मागितले नाहीत, तो वाळवीने खाल्ला होता.

पॉलिसी घेताना एजंट म्हणाला होता, "छत स्लॅबचे लिहू, कोण बघतो?" अब्बांनी ऐकले नाही, पत्र्याचेच लिहायला लावले. स्लॅब लिहिले असते तर सर्वेअरने वर मान करताच सगळे संपले असते. पत्र्याचे घर विम्याच्या भाषेत कच्चेही नसते. गवत, बांबू, ताडपत्रीचे छप्पर कच्चे धरतात.

आमच्यासारखे पत्र आले तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर आपल्या भागासाठी पुण्याला विमा लोकपाल आहेत. वर्षभराच्या आत जावे, फी नाही, वकीलही लागत नाही. पंचनाम्यावरची सरकारी मदत वेगळी. पक्क्या घराचे किमान 15 टक्के नुकसान असेल तर अंशतः पडझडीचे 6,500 रुपये. तेवढ्यात काय होते, ते पत्र्याच्या दुकानात विचारावे.

विमा घ्यावा की नाही, हाच प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांनी आपल्या आलिमसाहेबांना विचारावे. तो फैसला या सदराचा नाही.

वासा आम्ही बदलला, उरलेले पत्रेही काढून नवे बसवले. त्याच दिवशी चारी बाजूंनी फोटो काढले. शिडी धरून उभ्या असलेल्या अम्मी सगळ्या फोटोंत आल्या आहेत. पावती डब्यात आहे.