विरजणाची विद्या

दोस्तांनो, आज रात्री एक छोटासा प्रयोग करा. दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. दोन्हींत अर्धा-अर्धा चमचा विरजण ढवळा. एक वाटी ओट्यावर झाकून ठेवा, दुसरी फ्रिजमध्ये. सकाळी बघा, ओट्यावरचं दही छान लागलेलं असेल आणि फ्रिजमधलं दूध जवळजवळ दूधच! असं का बरं?

विरजणात लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्ल वाढलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि दही लागतं. थंडीत मात्र हे जिवाणू सुस्तावतात. तुमच्या पुस्तकात यालाच ‘किण्वन’ म्हणतात.

आता त्या वाटीच्या जागी घराएवढी उंच पोलादी टाकी आणा. हा झाला फर्मेंटर. आतलं तापमान, आम्लता, हवा यांवर रात्रंदिवस लक्ष ठेवावं लागतं. एखादा परका जंतू आत शिरला, तर अनेक दिवसांची मेहनत वाया! पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीन बनू लागलं, ते अशाच टाक्यांत वाढवलेल्या बुरशीपासून.

ही विद्या माणसाला कुठवर नेते? बंगळूरच्या किरण मजुमदार यांचं उदाहरण घ्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण ते जमलं नाही. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्या ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला गेल्या आणि बिअर बनवण्याचं शास्त्र शिकल्या. तेही किण्वनच, फक्त इथं काम करतं यीस्ट. १९७५ साली शिक्षण पुरं करून त्या परतल्या, तर मद्याच्या कारखान्यात ही जबाबदारी बाईवर सोपवायला कुणी तयार होईना!

मग शिकलेलं सगळं फुकट गेलं का? छे! १९७८ साली भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, दहा हजार रुपये भांडवलावर त्यांनी ‘बायोकॉन’ सुरू केली. सुरुवातीला पपईपासून पपेन हे विकर काढलं. पुढे सूक्ष्मजीवांकडून विकरं बनवून घेतली. आणि २००४ साली त्यांच्या कंपनीनं यीस्टच्या मदतीनं बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. यीस्टमध्ये इन्सुलिनचं जनुक बसवायचं, की ते बिचारं आपल्यासाठी इन्सुलिन बनवत बसतं! पूर्वी मधुमेहाच्या रुग्णांसाठी हे औषध डुकरांच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे.

तेव्हा बारावीनंतर मेडिकलची जागा हुकली, म्हणून डोक्याला हात लावून बसू नका. अकरावी-बारावीला विज्ञान घ्या. जीवशास्त्र आवडत असलं तरी गणित सोडू नका, कारण टाकीचा सगळा हिशेब गणिताचाच. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी. करता येतं. यंत्रांची आवड असेल तर जैवरासायनिक अभियांत्रिकी आहे. लस, औषधं, विकरं, इथेनॉल, दुग्धपदार्थ, सगळीकडे हे काम चालतं.

पण एक खरं सांगू का? नुसत्या पदवीच्या कागदावर इथं भागत नाही. महाविद्यालय निवडताना आधी विचारा, ‘प्रयोगशाळेत फर्मेंटर आहे का? आम्हाला तो स्वतः चालवायला मिळेल का?’ सुटीत एखाद्या कारखान्यात उमेदवारी करा. रात्रपाळी असते, हात शंभरदा धुवावे लागतात, बारीकसारीक नोंदी ठेवाव्या लागतात. ज्याला याचा कंटाळा नाही, त्याला हे क्षेत्र मानवतं.

आपल्याला ते मानवेल का, हे घरीच तपासा. आठवडाभर रोज दही लावा. दुधाचं तापमान, विरजण किती, दही किती वेळात लागलं, हे वहीत लिहा. रोज एकच गोष्ट बदला. सातव्या दिवशीही वही उघडताना उत्सुकता वाटली, तर समजा, पहिली परीक्षा पास!