उमेदवारीची वर्षं

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर एप्रिलला एक भांडण नव्यानं सुरू होतं. एनएफएलचे ३२ संघ ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं निवडतात. एखाद्या संघाकडे चांगला अनुभवी क्वार्टरबॅक असतो, तरीही तो संघ पहिल्याच फेरीत एकवीस-बावीस वर्षांचा नवा क्वार्टरबॅक उचलतो. मग प्रश्न येतो: या पोराला लगेच मैदानात उतरवायचं, की जुन्याच्या मागे बाकावर बसवायचं?

भारतात रविवारी रात्री उशिरापर्यंत जागून हे सामने बघणारी आमच्यासारखी मोजकी डोकी आहेत. आमच्यातही बहुमत ठरलेलं असतं. ‘ढकला विहिरीत, आपोआप पोहायला शिकेल.’ हा लेख त्या बहुमताच्या विरोधात आहे.

आधी त्या विहिरीचंच बघू. गावाकडे जे विहिरीत पोहायला शिकले, त्यांना विचारा. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधलेला असायचा. कमरेला दोर असायचा आणि त्याचं टोक काठावरच्या काकाच्या हातात. एखादा पोहणारा दादा आधीच पाण्यात उतरलेला असायचा. पुढे गोष्ट सांगताना ढकलणं तेवढं लक्षात राहिलं. डबा, दोर, काका आणि दादा सगळे विसरून गेले.

एनएफएलमध्ये नेमकं हेच चाललंय. ढकलायला सगळे तयार, दोर धरायला कुणी नाही.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा मेंदू. दोन चालींच्या मध्ये साधारण ४० सेकंद मिळतात. त्यात प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद पडतो. तिथून पुढे पोरगा एकटा. समोरचे अकरा जण कुठे उभे आहेत, त्यातले कोण खरे आणि कोण नुसती हूल देतायत, हे त्याला वाचायचं असतं. चेंडू हातात आला की निर्णयाला जेमतेम अडीच-तीन सेकंद, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असतात. यातलं बरंचसं जन्मजात नसतं. हजार वेळा बघून, चुकून, पुन्हा बघून येतं. ते कुठे आणि कुणाच्या खर्चानं शिकायचं, एवढाच वाद आहे.

आता २००५ चा ड्राफ्ट घ्या. पहिला क्रमांक सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा. चर्चेत दोन क्वार्टरबॅक होते, ॲलेक्स स्मिथ आणि ॲरन रॉजर्स. संघानं स्मिथला घेतलं. रॉजर्स कॅमेऱ्यांसमोर तासन् तास ताटकळला आणि चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. तिथे ब्रेट फार्व्ह होता. तो वर्षानुवर्षं एकही सामना चुकवत नव्हता. म्हणजे रॉजर्सच्या नशिबी बाक.

सगळ्यांना वाटलं, एकाचं नशीब उघडलं आणि दुसऱ्याचं फुटलं.

स्मिथ तेव्हा जेमतेम एकविशीत होता. त्याला पहिल्याच हंगामात उतरवलं. त्याचा टचडाउन पास एक, आणि प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास ११. पुढचं जास्त वाईट. पहिल्या पाच हंगामांत त्याच्या संघात पाच वेगवेगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर येऊन गेले. चालींची नावं, पावलांचा हिशेब, आधी कुणाकडे बघायचं याचा क्रम, सगळं दर वर्षी नवं. शाळेत दर वर्षी माध्यम बदललं तर पोराचं जे होईल, ते स्मिथचं झालं.

रॉजर्स तीन वर्षं बसला. चेंडू कानाजवळ उंच धरायची त्याची कॉलेजातली सवय या काळात बदलली. २००८ मध्ये त्याच्या हातात संघ आला. त्या हंगामात १६ पैकी सहाच सामने जिंकले, पण त्याला कुणी उचलून फेकलं नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यानं सुपर बोल जिंकला. पुढे चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि यातली खरी गंमत सहसा कुणी सांगत नाही. २००५ मध्ये स्मिथचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता माइक मॅकार्थी. २००६ मध्ये तोच माणूस ग्रीन बेचा मुख्य प्रशिक्षक झाला. शिकवणारा एकच. एकाला त्याच्या हाताखाली एकच हंगाम मिळाला, तोही दर रविवारी मार खात. दुसऱ्याला त्याच माणसाबरोबर दोन अख्खी वर्षं बाकावर मिळाली, आणि पुढची बरीच वर्षं मैदानावर.

यावर लगेच उत्तर येतं, ‘रॉजर्सची प्रतिभाच वेगळी होती.’ असेल. पण स्मिथही काही फुसका बार नव्हता. २०११ मध्ये नवा, खंबीर प्रशिक्षक आला, तेव्हा याच स्मिथनं याच संघाला १६ पैकी १३ सामने जिंकून दिले. २०१७ मध्ये तर पासर रेटिंगमध्ये तो लीगमध्ये पहिला होता. मग मधली वर्षं कुणी खाल्ली?

ती ड्राफ्टच्या रचनेनं खाल्ली. सगळ्यात वाईट संघाला पहिली निवड मिळते. ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्याचा अर्थ असा, की सगळ्यात गुणी पोरगा सगळ्यात मोडक्या घरात जातो. २००२ मध्ये डेव्हिड कार पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टन टेक्सन्सकडे गेला. संघ नवाकोरा, ते त्याचं पहिलंच वर्ष. कारचं रक्षण करणारी फळी कच्ची. त्या एका हंगामात कारला ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर आपटलं गेलं. हा विक्रम आहे. ७६ वेळा आपटलेला माणूस समोरचा बचाव वाचायला शिकत नाही. अंगावर कोण येतंय ते बघायला शिकतो. ती सवय एकदा डोळ्यांत बसली की जात नाही.

मग संघ एवढी घाई का करतात? उत्तर पैशात आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सुमारे ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ मध्ये खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात नवा करार झाला. त्या वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा होता. नवा क्वार्टरबॅक अचानक स्वस्त झाला. तेव्हापासून हिशेबनिसांचं म्हणणं असं, की स्वस्तातली चार-पाच वर्षंच हातात आहेत, त्यातलं एकही बाकावर वाया घालवू नका. आणि याच २०११ च्या करारानं हंगामातले पॅड घालून करायचे सराव १४ वर आणून ठेवले. शिकायला वेळ कमी आणि उतरायची घाई जास्त. दोन्ही एकाच कागदावर.

हिशेबाचीच भाषा बोलायची तर कॅन्सस सिटीचा हिशेब बघा. २०१६ मध्ये हा संघ १२ सामने जिंकला होता. क्वार्टरबॅक कोण? तोच ॲलेक्स स्मिथ. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये प्रशिक्षक अँडी रीडच्या या संघानं सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारली आणि पॅट्रिक माहोम्सला घेतलं. त्याला लगेच उतरवलं नाही. स्मिथ खेळला, आणि आयुष्यातला सर्वोत्तम हंगाम खेळला. माहोम्सला फक्त शेवटचा, निकालानं काहीच बदलणार नव्हतं असा सामना मिळाला. पुढच्या वर्षी स्मिथ वॉशिंग्टनला गेला, माहोम्सनं ५० टचडाउन पास फेकले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल. तेव्हा तो त्याच स्वस्त पहिल्या करारावर होता. ‘वाया घालवलेलं’ वर्ष व्याजासकट परत आलं.

विरोधकांचा हुकमी एक्का म्हणजे पेटन मॅनिंग. १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळला, पहिल्या हंगामात २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले, संघ १६ पैकी तीनच सामने जिंकला, आणि तरी सार्वकालिक थोरांत गेला. बरोबर. पण त्या वर्षीपासून पुढे दहा वर्षांहून जास्त काळ त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर एकच होता, टॉम मूर. मॅनिंगला विहिरीत ढकललं हे खरं, पण दोर एकाच माणसाच्या हातात होता आणि तो माणूस जागचा हलला नाही. तुमच्या संघाकडे टॉम मूर असेल, तर खुशाल ढकला. ज्या संघात दर दोन वर्षांनी प्रशिक्षकाची हकालपट्टी होते, त्यानं मॅनिंगचं नाव घेऊ नये.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. बाकावर बसवलं की पोरगा आपोआप पिकतो, हीसुद्धा भोंदूगिरीच आहे. ख्रिश्चन हॅकनबर्गला न्यूयॉर्क जेट्सनं २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलं. दोन वर्षं अनुभवी लोकांच्या मागे बसवलं. नियमित हंगामाच्या एकाही सामन्यात तो कधी खेळला नाही. नुसत्या बसण्यानं कुणी शिकत नाही. आठवड्यातला बहुतेक सराव पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातो. मागच्याला मिळतं ते पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली आपल्याच बचावासमोर करून दाखवण्याचं काम. स्वतःच्या संघाचा खेळ तो नुसता बघतो. म्हणून बाकाला वेळापत्रक लागतं. त्याच्यासाठी राखून ठेवलेला सराव, रोज त्याच्याबरोबर चित्रफीत बघणारा प्रशिक्षक, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षीही तोच प्रशिक्षक.

मराठीत याला उमेदवारी म्हणत. वकिलाकडे, छापखान्यात, पेढीवर पोरं उमेदवारी करत. आता तो शब्द निवडणुकीच्या अर्जापुरता उरलाय. उमेदवाराला काम असायचं, चुकलं तर सांगणारा असायचा, आणि शेवटी खुर्ची मिळेल अशी उमेद असायची. तिन्हीपैकी एक काढलं, तर उरतो तो नुसता ताटकळणारा माणूस.

दुसरी गोष्ट गुरू-शिष्याची. आपल्याला या कहाणीत लगेच गुरुपौर्णिमा दिसते. थोर फार्व्ह, विनम्र रॉजर्स. वस्तुस्थिती तशी नव्हती, त्यांचं फारसं जमत नसे. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह यंग चार वर्षं जो मोंटॅनाच्या मागे बसला. तिथेही गोडवा नव्हता, चुरस होती. तरी यंग शिकला आणि पुढे त्यानं सुपर बोल जिंकला. त्यामुळे ‘जुन्या खेळाडूनं मोठं मन दाखवावं’ हे प्रवचन मला पटत नाही. ज्याची खुर्ची तुम्ही काढून घेणार आहात, त्यालाच तिच्यावर बसायला शिकवायला लावता? त्यानं शिकवलं तर त्याचे उपकार. स्मिथनं माहोम्ससाठी दार उघडं ठेवलं, आणि माहोम्स आजही जाहीरपणे त्याचं नाव घेतो. पण स्मिथसारखा माणूस मिळेल या भरवशावर संघ चालवता येत नाही. जुन्याचं काम आपला खेळ नीट खेळणं, म्हणजे पोराला बघण्यासारखं काहीतरी समोर राहतं. शिकवण्याचा पगार प्रशिक्षकांना मिळतो.

ताजं उदाहरण देतो. २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनं पहिल्या क्रमांकावर ब्राइस यंगला घेतलं आणि पहिल्याच सामन्यापासून उतरवलं. हंगामात त्याला ६२ वेळा पाडलं गेलं. ११ सामन्यांनंतर मुख्य प्रशिक्षकाला हाकललं. संघ १७ पैकी दोन सामने जिंकला. २०२४ मध्ये नवा प्रशिक्षक आला, आणि दोन सामन्यांनंतर यंगला काढून ३६ वर्षांच्या अँडी डाल्टनला उतरवलं. काही आठवड्यांनी यंग परतला तो जास्त शांत, जास्त धीट होऊन. म्हणजे संघाला बाकाची वाट अखेर सापडली. फक्त आधी पोराला वर्षभर तुडवून घेतल्यावर, आणि चारचौघांत त्याचा अपमान करून. पहिल्या वर्षी बाक मिळतो, तेव्हा ते शिक्षण असतं. दुसऱ्या वर्षी तोच बाक शिक्षा होतो.

आणि किंमत मोजतो तो पोरगा. मालक तोच राहतो, हाकललेल्या प्रशिक्षकाला दुसरीकडे काम मिळतं. तेविसाव्या वर्षी ‘फुसका बार’ असा शिक्का कपाळावर घेऊन फिरतो तो एकटा क्वार्टरबॅक. पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात ‘बघ, जमेल तुला’ म्हणून ज्यांच्या अंगावर अख्खं काम टाकलं गेलंय, आणि बिघडल्यावर ‘तुझ्यात दम नाही’ हे ऐकून घ्यावं लागलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये एखाद्या संघानं पोराला घेतलं आणि चाहते ‘आत्ताच्या आत्ता उतरवा’ म्हणून ओरडायला लागले, की मी आधी तीन गोष्टी बघणार. त्याच्या पुढची फळी उभी राहू शकते का? त्याचा कोऑर्डिनेटर तीन वर्षं टिकेल का? त्याच्यासाठी रोजचा सराव राखून ठेवलाय का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर उतरवा, माझी हरकत नाही. एकाचंही ‘नाही’ असेल, तर त्याला बाकावर बसू द्या आणि तोवर घर दुरुस्त करा. ते काम पोराचं नाही.