इंजेक्शनची तारीख



गेल्या आठवड्यात आमच्या स्वाध्यायाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वहिनींनी लिहिलं, "डोळ्याच्या इंजेक्शनची तारीख पुढे ढकलली, ही दुसरी लाट ओसरल्यावर बघू." खाली बऱ्याच जणींनी हात जोडले, "बरं केलंत" म्हणाल्या. मी तिथे गप्प बसले आणि रात्रभर चुटपुट लागून राहिली. माझ्या मते त्यांनी बरं केलं नाही. गेल्या वर्षी मीही हेच केलं होतं, म्हणून बोलते.

२०१९च्या दिवाळीनंतर मला जमाखर्चाच्या वहीतल्या रेघा मध्येच वाकलेल्या दिसायला लागल्या. वहीच खराब निघाली असं वाटलं. (बी.कॉम. झालेली मी, घरचा हिशेब लग्नापासून मीच लिहिते.) एकदा सहज डावा डोळा झाकला, तर रेघा सरळ! सांगलीच्या पडद्याच्या डॉक्टरांनी ओसीटी काढली. पडद्याच्या मध्यभागाखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या होत्या आणि त्यातून पाणी झिरपत होतं. वयामुळे होणारा आजार, वेट एएमडी म्हणतात. महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं घ्यायची, मग पुढचं ठरवायचं. जानेवारी, फेब्रुवारीची झाली. तिसरं मार्चच्या शेवटी होतं आणि २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन लागला.

दवाखान्यांना लॉकडाऊनच्या आदेशात सूट होती. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनीही ही इंजेक्शनं तातडीच्या उपचारांत धरली होती. दवाखान्यातून दोनदा फोन आला. नको म्हणाले ती मीच. इस्लामपूरच्या बातम्यांनी धास्ती बसली होती, जयसिंगपूरहून सांगलीला जायचं म्हणजे अंकलीचा पूल ओलांडून दुसऱ्या जिल्ह्यात, आणि घरी ह्यांना मधुमेह. माझ्या एका डोळ्यासाठी सगळ्यांना कशाला धोक्यात घालायचं, असा विचार केला. ह्यांच्या गोळ्या मात्र मी एक दिवस चुकू दिल्या नाहीत!

जूनमध्ये गेले तेव्हा डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या दोन ओळी कमी वाचता आल्या. मध्ये रक्त साकळून व्रण झाला होता. पुढे इंजेक्शनं घेऊन पाणी ओसरलं, पण त्या दोन ओळी परत आल्या नाहीत. आपल्याला वाटतं मोतीबिंदू थांबतो तसं हेही थांबेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन सहसा चार महिन्यांनी केलं तरी नजर येते. इथे औषधाचा असर काही आठवड्यांत उतरतो, झिरपणं पुन्हा सुरू होतं, आणि व्रण झाला की तिथली नजर गेली ती गेली.

त्या पावसाळ्यात मी तांदूळ निवडून दिले आणि सूनबाईंनी त्यातून दोन सोंडे काढून दाखवले. ती काही बोलली नाही. मला मात्र दोन ओळी गेल्याचं जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी वाटलं. आपण पाणी गाळतो, भाजी शोधून घेतो, पावसात अंगणात खाली बघून पाऊल टाकतो. महाराजांचा चौका लागला की ताटातला कणन्‌कण शोधून देतो. हे सगळं डोळ्यांवर चालतं. "डोळे जायचे असतील तर जातील, कर्माचं आहे," असं म्हणणाऱ्या एक मावशी मला आचार्य शांतिसागर महाराजांचं उदाहरण देतात. मी उलट सांगते. नजर क्षीण झाली, आता जीवदया पाळता येणार नाही, म्हणून महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. एवढं मोल त्यांनी नजरेला दिलं. आपण तर गृहस्थ, उपाय हाताशी असताना तो न करणं हा संयम कसा? मला तरी तो आळस आणि भीती वाटते.

भीती खोटी नाही, २०२१च्या दुसऱ्या लाटेत तर रोज कुणाची तरी बातमी येत होती. म्हणून तारीख टाळू नका, पण जाण्याची पद्धत बदला. आधी फोन करून पहिली वेळ मागा. ताप-खोकला असेल तर तेही फोनवरच सांगा, ते पुढची तारीख देतील. सोबत एकच माणूस न्या. इंजेक्शनच्या वेळी मास्कची वरची कड चिकटपट्टीने बंद करतात आणि बोलू देत नाहीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. थेंबांनी डोळा बधिर असतो, टोचल्याचं नुसतं कळतं. नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा अंधुक झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खर्चाचंही विचारा, लाजू नका. एकाच कामासाठी स्वस्त आणि महाग अशी वेगवेगळी औषधं आहेत. आणि रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून चौकडीचा कागद बघा. रेघ वाकली की फोन करा.

वहिनींना काल मी फोन केला. थोड्या रागावल्या, मग म्हणाल्या, "तुमची तारीख कधी आहे?" माझी ११ मेची आहे, मंगळवारी. गाडीत मागे एक जागा आहे, खिडक्या उघड्या ठेवून जाऊ म्हटलं. अजून होकार आलेला नाही, ई-पाससाठी आधार कार्डाचा फोटो मात्र आज सकाळी पाठवलाय त्यांनी.