घरच्या पाटल्या आणि परकी भाषा



सुगीचे दिवस होते. सायंकाळची जपमाळ आटोपून आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो असता आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या पदवीधर कन्येसह आले. त्यांच्या हातात रुमालाची एक लहानशी गाठोडी होती. ती सोडून त्यांनी पत्नीच्या दोन पाटल्या आमच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "फादर, या गहाण ठेवाव्या म्हणतो. पोरीला स्पॅनिश शिकायचंय. शहरातले क्लासवाले 38,000 रुपये मागतात. तीन महिन्यांत नोकरी लागते म्हणतात. तुम्ही काय सांगता?"

आम्ही कन्येकडे वळलो. "बाळ, स्पॅनिशच का?"

तिची कारणे दोन होती. ही भाषा जाणणाऱ्यांना पुण्याच्या कचेऱ्यांत काम मिळते, हे एक. दुसरे सांगताना ती थोडी लाजली. 2025 च्या 8 मे रोजी नवे पोप लिओ चौदावे सज्जात आले, तेव्हा इटालियन भाषेत बोलता बोलता ते पेरू देशातील चिक्लायो येथील आपल्या जुन्या लेकरांशी स्पॅनिशमध्ये बोलले. ते शब्द दूरदर्शन संचावर ऐकताना, आपल्याला यातले काही कळावे, असे तिला वाटले होते.

दोन्ही कारणे आम्हाला प्रामाणिक वाटली. वीस देशांचा कारभार ज्या भाषेत चालतो, ती शिकण्यात गैर काहीच नाही. परंतु त्या पाटल्यांकडे पाहून आमचे मन धजेना. आम्ही म्हणालो, "पाटल्या घरी न्या. आम्हाला तीन महिने द्या. या काळात एक पैसाही न खर्चिता किती शिकता येते ते पाहू. आम्हीही शिकू. त्यानंतर क्लासची गरज उरली, तर आम्ही आडवे येणार नाही."

आज सर्वसामान्य मनुष्याच्या हातातील दूरध्वनीवर जी विद्या विनामूल्य मिळते, ती आमच्या सेमिनरीच्या काळात मोठ्या ग्रंथालयातही मिळत नव्हती. 'लँग्वेज ट्रान्सफर' या नावाने मिहालिस एलेफ्थेरिऊ या गृहस्थांनी स्पॅनिशचे 90 ध्वनिपाठ तयार केले असून ते कोणासही फुकट ऐकता येतात. त्यात पाठांतर नाही. गुरू प्रश्न विचारतो आणि आपण पाठ थांबवून स्वतः वाक्य जुळवायचे असते. शब्दांची उजळणी करण्यासाठी 'अँकी' नावाचे साधन आहे. विसरण्याच्या सुमारास तोच शब्द ते पुन्हा समोर आणते. संगणकावर व अँड्रॉइड दूरध्वनीवर ते विनाशुल्क चालते. 1713 साली स्थापन झालेल्या स्पेनच्या शाही अकादमीचा थोर शब्दकोश घरबसल्या फुकट पाहता येतो. चित्रे काढीत, हातवारे करीत अगदी सोप्या स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगणारी 'ड्रीमिंग स्पॅनिश'ची चित्रफीतमालिका यूट्यूबवर आहे. आणि 'डुओलिंगो'चा हिरवा घुबड तर मुलाबाळांनाही ठाऊक आहे.

परंतु यातील बहुतेक साहित्य इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी रचलेले असते. त्यामुळे इंग्रजी माणसाला जे अवघड, ते आपल्यालाही अवघड म्हणूनच शिकविले जाते. वस्तुतः पुष्कळदा आपले माप निराळे असते. 'मे गुस्ता एल पान' हे वाक्य घ्या. इंग्रजीत 'मी पाव आवडतो' अशा धाटणीने बोलत असल्याने तिकडचा विद्यार्थी येथे अडखळतो. आपण मात्र 'मला पाव आवडतो' असेच जन्मापासून म्हणत आलो. 'घर पाहतो' परंतु 'बहिणीला पाहतो', हा भेद आपण न शिकता पाळतो. स्पॅनिशमध्येही 'वेओ ला कासा' म्हणतात, परंतु माणूस आला की 'वेओ आ मि एर्माना' असे मध्ये 'आ' घालावे लागते. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' तसेच 'चिको ब्वेनो, चिका ब्वेना'. 'गेलो' आणि 'जात असे' असे भूतकाळाचे दोन प्रकार तिकडेही आहेत. ज्या क्रियारूपाचे नाव काढताच इंग्रजी विद्यार्थी घाबरतो, ते आपल्या आजीच्या तोंडी रोज असते. 'देव तुला आशीर्वाद देवो' यातील 'देवो' आठवा, म्हणजे 'के दिओस ते बेंदिगा' मधील 'बेंदिगा' समजेल.

उच्चारांतही आपण भाग्यवान. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात. फक्त 'पेरो' म्हणजे 'परंतु' आणि र घोळवून म्हटलेला 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', एवढे सांभाळावे. पोर्तुगीजांनी आपल्याकडे पेरलेले शब्दही येथे ओळख देतात, कारण पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपला पाव तिकडे 'पान', आपला पगार तिकडे 'पागार' म्हणजे पैसे देणे, आपली बालदी तिकडे 'बाल्दे' आणि आपला पाद्री तिकडे 'पाद्रे'.

खरी अडचण निराळीच निघाली. आपल्या एका 'आहे' साठी त्यांच्याकडे 'सेर' आणि 'एस्तार' ही दोन क्रियापदे आहेत. कोणी मूळचा कसा आहे याला एक आणि सध्या कसा वा कोठे आहे याला दुसरे, असा स्थूल नियम आहे. तो समजतो लवकर, पण जिभेवर बसायला महिने लागतात.

आता आमची स्वतःची कबुली. डुओलिंगोवर सलग दिवसांची माळ मोडू नये म्हणून आम्ही रोज रात्री निजण्यापूर्वी दोन मिनिटे उरकीत असू. माळ 112 दिवसांची झाली आणि आम्हाला त्याचा मोठा अभिमान वाटू लागला. एके दिवशी त्या मुलीने सहज विचारले, "फादर, काल तुम्ही काय केलंत ते स्पॅनिशमध्ये सांगा ना." आम्हाला एक धड वाक्य सांगता आले नाही. माळ ओढली जात होती, मन मात्र दुसरीकडे होते. उपदेशपीठावरून आम्ही ज्या दोषाविषयी इतरांस बजावीत आलो, तोच आमच्या पदरी निघाला.

तिने मात्र रोजचा पाऊण तास राखला होता. पहाटे गोठ्यातले काम झाल्यावर ध्वनिपाठ, दुपारी शब्दांची उजळणी आणि रात्री वाचन. वाचनासाठी आम्ही तिला व्हॅटिकनच्या संकेतस्थळावरील स्पॅनिश बायबल दाखविले. उधळ्या पुत्राची गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक होती. त्यामुळे कोश न उघडताही शब्दांचे अर्थ हळूहळू उलगडू लागले. ओळखीची गोष्ट अनोळखी भाषेत वाचणे, यासारखा फुकटचा गुरू नाही, असे आमचे मत झाले आहे.

तीन महिन्यांचे दहा महिने झाले. पाटल्या आईच्या हातातच राहिल्या. मग पुण्याहून मुलाखतीचे बोलावणे आले. मुलगी गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली. तिची निवड झाली नव्हती. बोलणे फार अडखळत होते, असे तिला सांगण्यात आले. आमच्या छातीत धस्स झाले. आमच्या हट्टापायी पोरीचे नुकसान तर झाले नाही ना? आम्ही तसे बोलून दाखविताच ती म्हणाली, "नाही फादर. त्यांचा प्रत्येक प्रश्न मला समजला. उत्तर मनात होतं, फक्त तोंडातून वेळेवर आलं नाही. आता कशासाठी पैसे द्यायचे ते मला कळलंय."

हे शेवटचे वाक्य आम्हाला फार मोलाचे वाटले. फुकटच्या साधनांनी ऐकणे, वाचणे व समजणे साधते. चूक जिथल्या तिथे दुरुस्त करणारा जिवंत माणूस त्यांतून सहसा मिळत नाही. अनोळखी लोकांशी संभाषण घडविणारी साधने आहेत खरी, पण तेथे आपल्या मुलींनी घरचा पत्ता, छायाचित्रे वा पैशाचा व्यवहार मुळीच करू नये. आज ती गावातील मुलांच्या शिकवण्या घेते आणि त्या कमाईतून आठवड्याला दोन तास एका शिक्षिकेशी केवळ बोलण्याचा सराव करते. पुढल्या परीक्षेचे शुल्कही ती स्वतःच साठवीत आहे.

तीन महिन्यांत भाषा येते, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शाळा आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश शिकविण्यासाठी सुमारे 600 ते 750 तासिका धरीत आली आहे. रोज एक तास दिला, तरी ही दोन वर्षांची मजल होते. वडीलधाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा, म्हणजे पोराबाळांवर व्यर्थ राग येणार नाही.

लोग्रोन्यो येथे जन्मलेले येशूसंघीय फादर कार्लोस व्हालेस 1949 साली भारतात आले. ते गुजराती शिकले, अहमदाबादेत लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले आणि पुढे त्या भाषेचे मान्यवर लेखक झाले. स्पॅनिश माणसाने आपल्या शेजारची भाषा एवढी आपलीशी केली. मग आपल्या खेड्यातील मुलीला त्यांची भाषा का येऊ नये?

म्हणून पालकहो, दागिने सोडण्यापूर्वी मुलांच्या चिकाटीची तीन महिने परीक्षा घ्या. चिकाटी असेल, तर पैसा कोठे लावावा हे तीच मुले तुम्हाला सांगतील. नसेल, तर पाटल्या तरी वाचतील.

आम्ही घुबडाची माळ सोडून दिली आहे. काल रात्री ध्वनिपाठ क्रमांक 31 पुन्हा ऐकला. आमची गुरुताई रविवारी मिस्सानंतर परीक्षा घेणार आहे.