त्यामुळे म्हणजे कशामुळे?

(एक वेळापूरकर, शेवटचे वर्ष, सिव्हिल)

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या होस्टेलवर एक कागद फिरतो. तुम्ही पाहिला असेलच. पूर्वी झेरॉक्सची झेरॉक्स असायची, आता मोबाईलवर फोटो येतो, एवढाच काय तो विकास. वर लिहिलंय 'रिपोर्टमध्ये वापरायचे शब्द' आणि खाली ओळीने हेन्स, देअरफोर, मोरओव्हर, हाउएव्हर. कुणा कनवाळू सिनिअरने शेजारी मराठीही लिहून ठेवलंय: म्हणून, त्यामुळे, शिवाय, तथापि, परिणामी, थोडक्यात. प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी यातला एकेक शब्द बसवायचा, की लिखाण कसं वाहतं राहतं, असा त्यामागचा सल्ला.

तो कागद मी तीन वर्षं इमानेइतबारे वापरला. मार्कही पडले, उगाच खोटं कशाला बोला! आज मी त्याच्याविरुद्ध लिहायला बसलोय त्याला कारण आमचे तात्या.

तात्या म्हणजे माझे चुलते. आमचं वेळापूर माळशिरस तालुक्यात. माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो तेच गाव. तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, पैसा आला आणि काही रानांत पांढरा थरही आला. आमच्या दीड एकराच्या एका तुकड्यात उन्हाळ्यात मीठ सांडल्यासारखं दिसतं. तिसऱ्या वर्षी सेमिनारला मी विषयच तो घेतला: कालव्याखालच्या क्षारपड जमिनी. घरचा विषय, फोटो फुकट. रिपोर्ट तीन रात्रीत उरकला, आणि त्यात एक वाक्य मी फार ऐटीत लिहिलं होतं, 'या भागात बारमाही ऊस घेतला जातो. हेन्स, जमिनी क्षारपड झाल्या आहेत.'

सुट्टीत तात्यांनी विचारलं, "काय लिवलंयस आपल्या रानाबद्दल, वाच की." मी मराठी करून वाचून दाखवलं. 'हेन्स'च्या जागी अर्थातच 'त्यामुळे' म्हटलं.

"त्यामुळं म्हंजे कशामुळं?" तात्या म्हणाले.

"उसामुळे."

"आरं, बांधाच्या पल्याड बी ऊसच हाय की. आपल्या आदीपासनं हाय. ते रान का न्हाई खराब झालं मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी बांधाच्या पल्याड जाऊन पाहिलं. त्या रानाला कडेने खोल चर काढलेला आहे आणि तो थेट ओढ्याला नेऊन सोडलाय. आमच्या तुकड्याला चर नाही, आणि तो आहेही खोलगट. दोन्हीकडे तोच ऊस, तेच पाणी. फरक निचऱ्याचा.

मग ते वाक्य मी पुन्हा लिहायला घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की त्या एका 'हेन्स'खाली मी चार पायऱ्या गाडून टाकल्या होत्या. उसाला पाणी जास्त लागतं आणि आपण त्याहूनही जास्त देतो. जास्तीच्या पाण्याला बाहेर वाट नाही, त्यामुळे जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. ती मुळांजवळ पोचली की पाणी मातीतून वर चढून उन्हाने वाळतं आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. असं वर्षानुवर्षं होत राहिलं म्हणून पांढरा थर. आता यात ऊस निर्दोष ठरतो का? मुळीच नाही. पण पहिल्या रिपोर्टवर विसंबून कुणी उपाय काढला असता तर तो निघाला असता 'ऊस बंद करा'. दुसऱ्या रिपोर्टवरून निघतो, 'पाणी मोजून द्या आणि आधी चर काढा'. दीड एकरवाल्या माणसाच्या दृष्टीने या दोन उपायांत किती अंतर आहे, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'त्यामुळे' हा दागिना नाही. तो दावा आहे. दोन वाक्यांच्या मध्ये तुम्ही तो ठेवलात की पहिल्याने दुसरं घडवलं, असं तुम्ही सही करून देता. 'तथापि' लिहिलंत की दोन गोष्टींत विरोध आहे असं म्हणता. 'शिवाय' लिहिलंत तर पुढची गोष्ट त्याच बाजूची आणि नवी असली पाहिजे, आधीचीच शब्द बदलून नव्हे. यादीतून उचलून लावलेला शब्द बहुधा खोटा दावा करतो आणि वाचणाराही सवयीने मान डोलावत पुढे जातो. हल्ली मोबाईलवर मिनिटात निबंध लिहून देणाऱ्या यंत्रांचं लिखाण पाहा, दर दोन ओळींना एक 'याव्यतिरिक्त'! वाहतं खरं, पण ओढ्याच्या पुरासारखं, काय काय वाहून आणलंय ते कुणी बघत नाही.

माझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिच्याकडे जोडायला एकच शब्द होता: मग. मग राजा गेला, मग वाघ आला, मग राजा पडला. 'मग' प्रामाणिक शब्द आहे. तो फक्त नंतर काय झालं ते सांगतो, कशामुळे झालं याची हमी देत नाही. आपल्या लॅब जर्नलांतले निम्मे 'त्यामुळे' खोडून तिथे आजीचा 'मग' लिहिला तर जर्नल जास्त खरी होतील, असं मला वाटतं. तापमान वाढवलं, मग रीडिंग बदललं. कशामुळे बदललं ते माहीत असेल तर पुढे लिहा.

याच्या उलट चूकही असते. जोड खरोखर आहे, पण आपण तो शब्द गाळतो. ही चूक आपल्या लायनीत जास्त, कारण आपल्याला सगळं ठिपके देऊन लिहायची सवय लागली आहे. पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर पाच ठिपके, पाच तुटक ओळी. पहिल्या ओळीचा तिसरीशी संबंध काय ते प्रेक्षकाने ओळखावं.

16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यान उडालं. कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अभ्यास करून तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता: चाचण्यांच्या आकडेवारीवरून केलेले अंदाज सुरक्षित बाजूचे आहेत, असा त्याचा सूर. आणि पार तळाशी, ठिपक्याखालच्या ठिपक्यात आकडे होते. चाचणीतला तुकडा 3 घनइंचाचा, प्रत्यक्षात आदळलेला 1920 घनइंचाचा धरलेला. म्हणजे 640 पट! तो मथळा आणि हे आकडे यांच्या मध्ये एक भला मोठा 'परंतु' हवा होता: चाचण्यांवरून धोका कमी दिसतो, परंतु चाचणी केली त्यापेक्षा हा तुकडा 640 पट मोठा आहे, म्हणून त्या चाचण्या इथे लागू पडतात असं म्हणता येत नाही. एवढं सरळ वाक्य त्या स्लाइडवर कुठेच नव्हतं. 1 फेब्रुवारीला परतताना यान हवेत तुटलं, सातही अंतराळवीर गेले. त्याच वर्षीच्या चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची दखल आहे. ती वाचणाऱ्या वरिष्ठाला इथे जिवावरचा प्रश्न आहे हे कळलं नसेल तर नवल नाही, असं मंडळाने म्हटलं. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्या एका स्लाइडची ओळन् ओळ तपासून दाखवली आहे.

आता 'परंतु' नव्हता त्यामुळे यान पडलं, असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तात्या मलाच धरतील. यान फोमच्या आघाताने पंखाला पडलेल्या भगदाडामुळे पडलं. पण वेळेवर काळजी करायची एक संधी त्या गाळलेल्या 'परंतु'त होती.

असो. हा 'असो' पण बघा काय गंमतीचा आहे. ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290 साली, 'हें असो' म्हणून माउली एक दृष्टांत मिटवतात आणि पुढच्या मुद्द्याला हात घालतात. 'म्हणौनि', 'परी', 'तरी', 'जैसें-तैसें' यांनी ती सगळी ओवी विणलेली आहे. पुढे मोडीतली पत्रं आली. त्यात शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ही चिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडींच्या खटपटीने. मग त्याआधी कारकुनाला वाक्य कुठे वळलं ते कसं कळायचं? 'ऐसियास', 'सबब', 'येणेंप्रमाणे', 'बहुत काय लिहिणे' असे शब्द ते काम करायचे. 'सबब' आला की आता कारण सांगून झालं, पुढे निर्णय. स्वारी-शिकारीची, पैशाअडक्याची पत्रं ती. चुकीच्या जागी 'सबब' घालून चाललं नसतं. व्याकरणात या शब्दांना उभयान्वयी अव्यय म्हणतात. उभय म्हणजे दोन्ही, अन्वय म्हणजे संबंध. मोरो केशव दामल्यांचं 1911 चं व्याकरण आपल्या लायब्ररीत मिळालं तर चाळा, एकट्या 'म्हणून'ला किती कामं असतात ते कळेल. पाऊस आला म्हणून थांबलो, पास व्हावं म्हणून जागलो, वेळापूर म्हणून एक गाव आहे. तीन ठिकाणी तीन धंदे.

आणि आणखी एक. मराठीला हे शब्द दर वाक्याला लागतच नाहीत, हे त्या यादीवाल्या सिनिअरला कुणी सांगितलं नसावं. 'पाणी वर येते. त्यानंतर ते वाळते. परिणामी क्षार राहतात.' हे इंग्रजीवरून उतरवलेलं झालं. तात्या म्हणतील, "पाणी वर यिऊन वाळलं की खार मागं ऱ्हातो." जोड 'यिऊन'मध्ये आहे, 'की'मध्ये आहे. वेगळा खिळा ठोकायची गरज पडली नाही. आधी वाक्यं योग्य क्रमाने लावा, मागच्या वाक्यातली वस्तू हातात धरून पुढचं सुरू करा; एवढं करूनही वाचणारा अडखळेल असं वाटलं, तरच 'त्यामुळे' काढा पिशवीतून.

स्टाफला राग येणार नसेल तर एक सांगतो. मागे मेसच्या बोर्डावर नोटीस होती, 'उद्या पाणीपुरवठा बंद राहील. तथापि विद्यार्थ्यांनी सहकार्य करावे.' आम्ही त्या 'तथापि'वर अर्धा तास वाद घातला. पाणी असताना आमच्याकडून सहकार्याची अपेक्षा नसते का? शेवटी एकाने पेनने 'तथापि' खोडून 'म्हणून' लिहिलं, दुसऱ्याने तेही खोडून 'मग' लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही ते नाहीच.

सेमिनारच्या व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी माझा रिपोर्ट उघडला आणि बरोबर तिसऱ्या पानावर थांबले. "व्हाय हेन्स?" मी फळ्यावर कालवा, रान, वर चढणारी पातळी आणि नसलेला चर काढून दाखवला. सरांनी विचारलं, "ही आकृती कुठल्या पुस्तकातली?" मी म्हटलं, घरची आहे.

यंदा उन्हाळ्यात तात्यांनी चर काढायला घेतलाय. तो ओढ्यापर्यंत न्यायचा तर मधल्या एका बांधावरून जावं लागतं, आणि त्या बांधाच्या मालकाशी चाललेल्या बोलणीत सध्या 'परंतु' फार आहेत.